खणखणीत पऱ्हाटी

आज सकाळी या हंगामातली पहिली ट्रॉली आली. ती दिसायच्या आधी तिचा आवाज आला. सुक्या काड्या एकमेकींना घासत आल्या की होते ती खसखस, आणि त्याखाली ट्रॅक्टरची दमलेली धडधड. मी वजनकाट्याच्या खोलीत होते. हातातला चहा खिडकीत ठेवला आणि बाहेर आले. पऱ्हाटी ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी इतकी बाहेर आली होती की हायवेवरून एखादं झुडूपच चालत येतंय असं वाटावं. कापूस वेचून झाल्यावर मागे राहिलेली ती तपकिरी, वाळलेली झाडं. बोंडांच्या रिकाम्या वाट्या चारी बाजूंना उघडलेल्या, आणि त्यांत कुठं कुठं वेचायचा राहून गेलेला पांढरा धागा. मुळ्यांना अजून काळी माती चिकटलेली होती. त्या मातीचा वास मला ओळखता येतो आता. माघ लागल्याचं मला कॅलेंडर नाही, तो वास सांगतो.

दोन वर्षांपूर्वी हे कुणी मला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

मी चौसाळ्यात वाढले, पण शाळेला रोज बीडला जायचे, पिवळ्या बसनं, इंग्रजी शाळेत. माघ-फाल्गुनातल्या संध्याकाळी परत येताना बसच्या खिडकीतून बांधाबांधावर जाळ दिसायचे. वेचणी संपली की लोक पऱ्हाटी उपटायचे, ढीग लावायचे आणि काडी ओढायचे. रान मोकळं करायचं असायचं. धूर रस्त्यावर यायचा, ड्रायव्हर काका काचा लावून घ्यायला सांगायचे. मला ते जाळ आवडायचे. शाळेत एकदा सुगीचं चित्र काढायला सांगितलं होतं, तेव्हा मात्र मी पुस्तकात होतं तसं पिवळं गव्हाचं शेत काढलं आणि त्यात टोपी घातलेला एक गोरा शेतकरी उभा केला. ज्या पिकातून रोज दोनदा बस जायची ते चित्रात काढायचं असतं, हे मला सुचलंच नाही.

त्या शाळेत मी खेड्यातली होते आणि गावात मी विंग्रजी शाळेतली. दोन्हीकडं तोंड उघडलं की काहीतरी चुकायचं. तिकडं उच्चार, इकडं शब्द. त्यामुळं गप्प राहणं सोपं पडत गेलं. गप्प माणसाला दिसतं मात्र पुष्कळ. कुणाच्या चपलेचा अंगठा कधी तुटला, दुकानातल्या तराजूचं कुठलं पारडं आधी खाली जातं, आई खोटं हसते तेव्हा पदर कुठं धरते. मी हे सगळं बघायचे आणि आत ठेवून द्यायचे. बोलायची वेळ आलीच तर वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत तयार व्हायचं, मग त्याचं मराठी करायचं, मग ते मराठी इथल्यासारखं वाटतं का ते तपासायचं. तेवढ्यात विषय पुढं गेलेला असायचा.

रसायनशास्त्रातली पदवी घेऊन मी घरी आले त्या वर्षी अप्पांच्या डोक्यात पऱ्हाटी शिरली होती. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हायवेलगत शेती अवजारांचं दुकान. तिथं कुणीतरी सांगून गेलं की थर्मलमध्ये, म्हणजे कोळशावर वीज करतात त्या केंद्रात, आता कोळशाबरोबर शेतातला काडीकचराही जाळायचा आहे. तेच बॉयलर, तीच चिमणी. फक्त कोळशाच्या शंभर भागांतले काही थोडे भाग आपल्या रानातले. पण काड्या तशाच चालत नाहीत. त्या बारीक करून, दाबून, करंगळीएवढ्या कांड्या करून द्याव्या लागतात. त्यांना पेलेट म्हणतात.

अप्पांनी जेवताना हे सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "पऱ्हाटी जाळायची अक्कल आता आली का त्यांना? आमी इतकी वर्सं चुलीत काय घालत होतो?"

अप्पाही हसले. पण पावसाळा संपेपर्यंत दुकानामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड उभी राहिली होती, तिच्यापुढं सिमेंटचं मोठं खळं झालं होतं, आणि एक जुनी पेलेटची मशीन ट्रकमधून उतरली होती.

मशीनबरोबर बीडहून मुनीरचाचा आले. त्यांचं सगळं आयुष्य जिनिंगमध्ये गेलेलं. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशिनी ते आवाजावरून ओळखायचे. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या मशीनभोवती एक फेरी मारली, तिच्या पोटावर हात फिरवला आणि अप्पांना म्हणाले, "जिंदगीभर कापूस साफ केला शेठ, आता म्हातारपणी झाडच दळायला लावलं तुमी."

मशीन तीन दिवस रुसली. भुसा फार कोरडा असला की कांडी धरायची नाही, नुसतं पीठ पडायचं. थोडा ओला असला की आतून वाफ धरायची आणि फटाक्यासारखा आवाज होऊन भोकं तुंबायची. मग मुनीरचाचा ड्रिल घेऊन बसायचे आणि कांड्या पाडणाऱ्या जाड पोलादी चकतीची एकेक भोकं मोकळी करायचे. मी शेजारी हातात ओल मोजायचं मीटर घेऊन उभी. भुशाचा आकडा सांगायचं काम माझं. मी इतक्या हळू सांगायचे की त्यांनी दुसऱ्या दिवशी एक खडू आणून दिला. "बेटी, बोलू नको. पत्र्यावर लिही." मला किती बरं वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी जेवायच्या सुमाराला मशीनचा सूर बदलला. आधीचा खरखराट बसला आणि एक जाड, गोल, सलग गुणगुण सुरू झाली. मुनीरचाचांनी बोट वर केलं, कुणी हलू नका म्हणून. आणि खालच्या तोंडातून त्या आल्या. गरम, चकचकीत, चॉकलेटी रंगाच्या कांड्या, एकामागून एक, वाफाळत. मी ओंजळ पुढं केली आणि चटका बसून मागं घेतली, आणि परत पुढं केली. भाजलेल्या शेंगांच्या टरफलांना येतो तसा वास येत होता. हातात धरली तेव्हा मऊ असलेली कांडी निवता निवता टणक झाली. मी ती खिशात टाकली. दिवसभर सारखा हात खिशात जायचा. पदवीचा निकाल लागला तेव्हाही मला असं झालं नव्हतं. जी गोष्ट मी लहानपणभर बसच्या काचेतून धूर होताना पाहिली, ती माझ्या मुठीत कांडी होऊन आली होती, आणि ती पुढं कुठं तरी दिवा होणार होती.

खळ्यावरच्या बायकांची मुकादम कौसामावशी. कौसल्या नाव, पण ते कुणी पूर्ण घेत नाही. पन्नाशीची, काटक, कपाळावर रुपयाएवढं गोंदण, आणि बोलणं असं की समोरच्याला आधी हसू येतं आणि मग लागतं. तिच्याबरोबर आणखी आठजणी. कुट्टीतून, म्हणजे बारीक तुकडे केलेल्या पऱ्हाटीतून, खडे, प्लॅस्टिक, दोरे वेचायचे, मुळ्या झटकून माती काढायची, उन्हात पसरायचं, उलटपालट करायचं. माती राहिली तर राख वाढते आणि थर्मलवाले माल घेत नाहीत. हे मी पत्र्यावर खडूनं लिहिलं होतं. कौसामावशीला वाचता येत नव्हतं. तिनं नातीकडून वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, मुके म्याडम, हे तोंडानं सांगितलं असतं तरी आमी ऐकलं असतं. त्या दिवसापासून खळ्यावर माझं नाव मुकी म्याडम पडलं.

पहिल्याच आठवड्यात तिनं अप्पांपुढं एक अट ठेवली. सगळी पऱ्हाटी तुमी नेली तर आमच्या चुलीत काय घालायचं? घरात ग्यास हाय, पर भाकर चुलीवरच व्हती. म्हणून ठरलं की रोज संध्याकाळी प्रत्येकीनं एक मोळी घरी न्यायची. अप्पांनी लगेच मान्य केलं. मी ते ऐकत होते. शाळेत जळणाच्या नव्या-जुन्या प्रकारांवर मी निबंध लिहिले होते, बक्षीसही मिळालं होतं. हा प्रश्न त्यांपैकी एकाही निबंधात नव्हता.

दरवर्षी दिवाळी झाली की या नऊजणी कोयता घेऊन ऊसतोडीला जायच्या, घरादाराला कुलूप लावून, उन्हाळ्यापर्यंत. त्या वर्षी गेल्या नव्हत्या. अप्पांनी सांगितलं होतं, गावातच काम देतो. त्या एका शब्दावर त्या थांबल्या होत्या. कौसामावशीची नात पहिल्यांदाच वर्षभर एकाच शाळेत राहणार होती. आणि अप्पांचा तो शब्द एका ट्रकवर टेकलेला होता. थर्मलनं आधी एकच ट्रक मागवला होता, बघायला. त्यात ओल ठरल्यापेक्षा जास्त निघाली तर अख्खा ट्रक परत, आणि पुढचं काही नाही. पास झाला तर पाडव्यापर्यंत आमचा माल ते घेणार होते. हे खळ्यावर प्रत्येकीला माहीत होतं. ते कुणी बोलत नव्हतं, पण झाडताना, वेचताना, पसरताना हात सांगत होते.

ट्रक भरायचा तो दिवस मला तासातासानं आठवतो.

आदल्या संध्याकाळी मी शेडमधल्या कांड्यांच्या दोन्ही ढिगांचं सॅम्पल काढलं होतं. आकडा सुंदर होता. पत्र्यावर मोठा लिहिला होता आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. सकाळी लवकर आले तर बायका माझ्याही आधी आलेल्या. धुतलेली लुगडी, केसांत अबोली. शेड झाडून लख्ख केलेली. आणि कौसामावशी बादली कमरेवर घेऊन सडा टाकत होती.

आधी खळ्याच्या बाहेर. मग दारात. मग शेडच्या आत, ढिगांच्या कडेकडेनं. कामाचा पहिला माल घराबाहेर पडतोय, तर जमीन ओली करून, रांगोळी काढून त्याला वाटेला लावायचं. तिच्या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. शेवटी तिनं बादलीत हात बुडवला आणि ढिगांवरही चार शिंतोडे उडवले, पोती भरताना धूळ उडू नये म्हणून. पाणी तिच्या बोटांतून सुटायचं ते उन्हात मण्यांसारखं चमकायचं. दिसायला ते फार सुंदर होतं.

मी खोलीच्या खिडकीत उभी होते. पेलेटला पाणी म्हणजे विष, हे त्या शेडमध्ये माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. वाक्य डोक्यात तयारही होतं, अगदी बिनचूक, इंग्रजीत. मराठीत ते तीन शब्दांचं होतं. मावशी, पाणी नको. पण सड्याला नको कसं म्हणायचं? शुभ कामाच्या सकाळी, आईपेक्षा मोठ्या बाईला? त्या हसतील, की विंग्रजी शाळेतलीला सडा म्हणजे काय तेही कळत नाही. थोडंसंच तर पाणी आहे. वाळेल. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

पोती भरली. तोंडं शिवली. ट्रकमध्ये थर लागत गेले. सगळे इतक्या आनंदात होते की मीही हळूहळू त्यात शिरले. मुनीरचाचांनी ट्रकच्या आरशाला झेंडूची माळ बांधली. अप्पा कपाळावर विभूती लावून आले. कौसामावशीनं स्टीलच्या ताटात हळदकुंकू, उदबत्ती, नारळ मांडला.

मी रिकाम्या शेडमध्ये गेले, झाडायला म्हणून. ढीग होते तिथं जमिनीला चिकटून काही कांड्या राहिल्या होत्या. एक उचलली. ती कांडी राहिली नव्हती. फुगली होती, कडेनं उकलली होती, बोटांत धरताच तिचा भुसा झाला. ती परत पऱ्हाटी व्हायला निघाली होती. ढिगांचा तळ ओल्या जमिनीवर तासभर बसून होता, आणि तो तळ कुठल्या पोत्यांत गेला ते आता कुणालाच माहीत नव्हतं. कालचा आकडा पत्र्यावर होता. परत कुणी मोजणार नव्हतं. मी गप्प राहिले असते तर कदाचित काहीही झालं नसतं. कदाचित थर्मलवाल्यांची नमुना काढायची सळई नेमकी कोरड्या पोत्यात गेली असती.

बाहेर अप्पांनी नारळ हातात घेतला.

मी म्हणाले, "अप्पा, थांबा." ते फक्त शेजारच्या मुनीरचाचांना ऐकू गेलं. त्यांनी अप्पांचा हात धरला. "शेठ, बेटी काही म्हणतेय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या हातात भुसा होता. मी मूठ उघडून दाखवली आणि म्हणाले, काही पोती ओली आहेत, गाडी जाऊ देऊ नका. आणि कुणी विचारायच्या आत हेही म्हणाले, की मला सकाळीच दिसलं होतं, सडा टाकताना.

कौसामावशीनं ताट खाली ठेवलं.

"मंग तवाच कावून न्हाई बोललीस?"

मी हातातला भुसा ट्रकच्या फळीवर ठेवला.

"आमी जल्मभर सडा टाकीत आलो पोरी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "पान्यानं कुणाचं वाईट व्हतं हे आमाला कोन सांगणार? तुला ठावं व्हतं. तू एकलीच जाणती व्हतीस हितं, अन् तूच गप."

मुकी म्याडम म्हणताना तिच्या बोलण्यात गंमत असायची. ती त्या दिवशी नव्हती. आजपर्यंत मला लाजाळू म्हणून सगळ्यांनी सांभाळून घेतलं होतं, आणि माझं गप्प बसणं फक्त माझंच असतं असं मला वाटत आलं होतं. त्या क्षणी दिसलं की नऊ बायकांचं गावात राहणं त्या गप्प बसण्यात अडकलं होतं. मला रडू आलं नाही. मला वाटलं, कुणीतरी मला पहिल्यांदाच मोठं माणूस समजून रागावलं.

ट्रक रिकामा करायला घेतला. माझ्याकडं मीटर एक आणि पोती शेकड्यांनी. प्रत्येक पोत्यातून काढून, दळून, मोजत बसले असते तर संध्याकाळ झाली असती, आणि माल त्याच दिवशी पोचायचा होता. मी मीटर घेऊन पहिल्या पोत्याशी बसले तेव्हा कौसामावशी आली. तिनं पूजेच्या ताटातलं सगळं कट्ट्यावर काढून ठेवलं, ताट पदरानं पुसलं, पोत्याची शिवण उसवून तळापासून एक मूठ काढली आणि हातभर उंचावरून ताटात सोडली.

खण्ण. खणखणखण.

"ही वाळलेली," ती म्हणाली.

दुसऱ्या पोत्यातली मूठ पडली तेव्हा आवाज बसका आला. मातीवर काहीतरी पडल्यासारखा. "ही न्हाई."

उन्हाळ्यात कुरडया वाळल्या की नाही ते बायका असंच बघतात. टोपलीत टाकायच्या आणि ऐकायचं. ओली कुरडई गप्प असते. मी दोन्ही मुठी मीटरला लावल्या. आकडे तेच सांगत होते. तिसरं पोतं, चौथं, पाचवं. एकदाही तिचा कान चुकला नाही. मग घरांतून ताटं आली, आमच्या घरातूनही आली, आणि पाऊण तासात खळ्यावर नऊजणी नऊ ताटं घेऊन बसल्या. सगळीकडं खणखण नुसती. मधेच एखादा बसका आवाज यायचा आणि सगळ्या एकदम म्हणायच्या, "काढा!" आधी तणावात सुरू झालेलं ते काम हळूहळू खेळासारखं झालं. कुणीतरी म्हणालं, लग्नात जेवणाच्या पंक्तीला एवढी ताटं वाजली न्हाईत. मुनीरचाचा पोती उचलता उचलता म्हणाले, आमच्या जिनिंगमध्ये अशी मशीन असती तर मी कवाच रिटायर झालो असतो. मी मधल्या रांगेत फिरत होते, शंका आली तिथं मीटर लावत होते, आणि आकडा ओरडून सांगत होते. खडू कुठं होता मला आठवत नाही.

ओली पोती मोजकीच निघाली. ती उन्हात उघडी करून टाकली. त्यांचा भुसा वाळवून पुढं परत मशीनमध्ये घातला. ट्रक जरा कमी भरला, पण उन्हं कलायच्या आत निघाला. नारळ फोडला तो कौसामावशीनं, ट्रकपासून चांगला दहा पावलं लांब, आणि पाण्याचा एक थेंबही चाकाकडं जाऊ दिला नाही.

आम्ही ट्रकच्या मागं जीपनं गेलो, अप्पा, मुनीरचाचा आणि मी. नांदूरघाट मागं पडलं, केज गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग. अंबाजोगाईनंतर बऱ्याच वेळानं थर्मलच्या चिमण्या दिसल्या, आकाशात उभ्या केलेल्या. लहानपणी नातेवाइकांकडं जाताना त्या दिसायच्या तेव्हा मला वाटायचं तिथं ढग तयार करतात.

गेटवर एक केमिस्ट बाई आल्या. धान्याच्या पोत्यात खुपसतात तशी पोकळ सळई घेऊन त्यांनी वरच्या, मधल्या, खालच्या थरांतून नमुने काढले. कुठलीही पोती, त्यांच्या मनाला येतील ती. सळई कितीदा आत गेली ते मी मोजत होते. त्यांनी विचारलं, माल कुणी तपासलाय? अप्पांनी माझ्याकडं बोट केलं. कसा तपासला? मी सांगितलं. मीटर, आणि ताट. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी टेबलावरचा स्टीलचा ट्रे ओढून घेतला आणि एक मूठ त्यात सोडून बघितली. खण्ण. आम्ही दोघी हसलो. पण विश्वास त्यांनी मशीनवरच ठेवला, आणि ते बरोबरच होतं. आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. अप्पांनी मागवलेला चहा तिघांपैकी कुणीच प्यायला नाही.

आकडा मर्यादेच्या आत आला.

मग आम्हाला डोक्यावर हेल्मेट देऊन कोळशाच्या पट्ट्यापर्यंत नेलं. ती जागा मी कधी विसरणार नाही. रुंद काळा पट्टा सरकत होता, त्यावर काळा कोळसा, कुठल्या कुठून रेल्वेनं आलेला. आणि वरच्या तोंडातून त्यावर आमची पऱ्हाटी पडायला लागली, तपकिरी, करंगळीएवढी, काळ्यावर उठून दिसणारी. कोळसाही कधीकाळी झाडच होता. एक झाड कोट्यवधी वर्षं जमिनीखाली झोपून आलेलं, आणि एक गेल्याच पावसाळ्यात तलवाड्याच्या नाहीतर आमच्या चौसाळ्याच्या रानात उगवलेलं, ज्याचा कापूस दिवाळीत वेचला गेला. दोघं शेजारी बसून एकाच भट्टीकडं निघाले होते. पुढं चक्कीत दोघांचं एकच पीठ होणार होतं. काळ्याच्या मानानं तपकिरी फार थोडं होतं, मोजून दाखवता येईल इतकं. मी खोटं कशाला सांगू, त्या थोड्याशानं जगाची हवा लगेच बदलत नाही. पण बांधावर धूर होऊन गेलं असतं ते इथं कामाला लागलं होतं, आणि तेवढ्या जागेवर तेवढा कोळसा नव्हता. मुनीरचाचांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बेटी, नीट बघून घे. आपला माल चाललाय." आवाजात असं काही होतं की अप्पांनी दुसरीकडं तोंड फिरवलं.

परत येताना दिवेलागण झाली होती. केजच्या दुकानांतल्या ट्यूबलाइट एकेक करून फडफडत लागत होत्या. मी प्रत्येकीकडं संशयानं बघत होते, ही आमच्या पऱ्हाटीवर लागली की काय.

खळ्यावर कुणी नसेल असं वाटलं होतं. पण फाटकाशी नऊजणी बसलेल्या होत्या, शेजारी नऊ मोळ्या, घरी न गेलेल्या. जीप थांबली. सगळ्यांनी अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि खाली उतरलेच नाहीत.

"पास झाला," मी म्हणाले. रस्त्यापलीकडच्या हॉटेलातल्या माणसांनीही वळून पाहिलं.

कौसामावशीनं मोळी डोक्यावर घेतली. "हां. आता बोलली," ती म्हणाली, आणि बायका हसत हसत अंधारातून घराकडं गेल्या.

त्यानंतर सडा फाटकाबाहेरच पडतो. रांगोळीही तिथंच. ते पूजेचं ताट शेडच्या खांबाला खिळ्यावर टांगलंय, आणि कुठलंही पोतं शिवायच्या आधी एक मूठ त्यात पडते. मीटरही आहे, आता दोन झालेत. पण रोज सकाळी मशीन सुरू झाली की कौसामावशी खळ्याच्या त्या टोकावरून मला एक प्रश्न विचारते. गेल्या वर्षी विचारायची, आणि आज पहिल्या दिवशीही विसरली नाही.

आज ट्रॉली रिकामी झाली, मुळ्या झटकून झाल्या, पहिली कुट्टी खळ्यावर पसरली. ऊन कोवळं होतं. मुनीरचाचांनी गेल्या हंगामातल्या उरलेल्या भुशावर मशीन सुरू केली, ती खरखरली आणि मग तिला सूर सापडला. मावशीनं कमरेवर हात ठेवला आणि ओरडली, "पोरी, काय दिसतंय का?"

मी खळ्यावर नजर फिरवली. माती नाही, खडे नाहीत. मग वर पाहिलं. बालाघाटच्या डोंगरामागं, माघातल्या त्या स्वच्छ आकाशात, एक राखाडी कड वर येत होती. एवढीशी. दुसऱ्या कुणाचं लक्षही गेलं नव्हतं.

"ढग!" मी ओरडले. "ताडपत्र्या काढा!"

नऊजणी एकदम पळाल्या. ताडपत्रीचं एक टोक कौसामावशीनं धरलं, दुसरं मी. वाऱ्यानं ती मधोमध फुगली आणि आम्ही दोघी तिच्यामागं ओढल्या जात हसत होतो. कुट्टी झाकून झाली, कडेला दगड ठेवले, तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की ते शब्द आधी डोक्यात तयार झालेच नव्हते. ते सरळ आले होते.